विज्ञान आणि व्यवहार : शंभरात एक परका अणू

रबर, रंग, चिनी माती किंवा औषधे यांपैकी कोणत्याही व्यवसायाशी ज्यांच्या घराचा संबंध आला आहे, त्यांना झिंक ऑक्साइडची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पांढरीशुभ्र, हाताला मऊ आणि बोटांना चिकटून राहणारी ही भुकटी पोत्यांतून येते आणि 'व्हाइट सील', 'गोल्ड सील' अशा प्रतींच्या नावाने विकली जाते. जगात तयार होणाऱ्या झिंक ऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक माल एकट्या रबर उद्योगात खपतो, कारण गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करताना ही भुकटी त्या क्रियेला वेग देते. तिची कृतीही तशी सरळ आहे. जस्त मुशीत वितळवून 907 अंश सेल्सिअसच्या वर नेले की त्याची वाफ होते. ती वाफ हवेतील प्राणवायूशी भेटताच पेट घेते आणि पांढऱ्या धुरासारखे ऑक्साइड पिशव्यांच्या गाळणीत जमा होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये ही पद्धत रुळली, म्हणून तिला आजही 'फ्रेंच पद्धत' म्हणतात. जस्ताची वाफ करून ती हाताळण्याची विद्या मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी होती. राजस्थानातील जावर येथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींतून जस्ताचे ऊर्ध्वपातन होत असे, आणि त्या मुशींचे ढीग तेथे अद्याप पाहावयास मिळतात.

अशा या जुन्या, ओळखीच्या मालाविषयी लिहिण्याचे निमित्त एका तरुण वाचकाच्या पत्राने मिळाले. त्यांच्या घरी दोन पिढ्यांचा रसायनांचा व्यापार आहे. एका उत्पादकाने त्यांना 'युरोपियम आणि सेरियमयुक्त नॅनो झिंक ऑक्साइड' या मालाची एजन्सी देऊ केली आहे. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिले आहे की, ही भुकटी अतिनील प्रकाशात तांबडी चमकते, रंगाई कारखान्यांचे सांडपाणी सूर्यप्रकाशात स्वच्छ करते, जंतूंचा नाश करते आणि विद्युत उपकरणांतही उपयोगी पडते. जो माल आजवर किलोने विकला त्याचा भाव येथे ग्रॅमने दिलेला आहे, आणि एजन्सीसाठी अनामत रक्कमही मागितली आहे. पत्रलेखक विचारतात : "वडील म्हणतात, चांगल्या मालात दुसरे काहीतरी मिसळून तो महाग विकण्याची ही युक्ती आहे. आपले मत काय?"

वडिलांचा संशय निराधार नाही, तसा तो संपूर्ण खराही नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. अणूंचा हिशेबही मला खतावणीसारखाच वाचावा लागतो. परंतु या विषयात खतावणीची सवय अगदीच निरुपयोगी ठरत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रथम 'मिसळणे' या शब्दाचा विचार करू. व्यापारात शुद्ध मालात स्वस्त पदार्थ घालणे म्हणजे भेसळ. येथे स्वस्त मालात महाग पदार्थ, तोही मोजून आणि जाहीर करून घातला जातो. त्याला 'डोपिंग' म्हणतात. हा प्रकार आपल्या घरात पूर्वीपासून आहे. घामोळ्यांवर लावण्याचे कॅलामाइन लोशन गुलाबी असते ते मुख्यतः झिंक ऑक्साइडच असते. त्यात लोहाच्या ऑक्साइडचा अगदी अल्प अंश असतो आणि तेवढ्याने पांढऱ्याचे गुलाबी होते. मात्र कॅलामाइनमध्ये लोहाचे कण जस्ताच्या कणांशेजारी केवळ मिसळलेले असतात. याहून वेगळे उदाहरण 'रिनमनचा हिरवा' या रंगाचे. स्वीडनच्या स्वेन रिनमन यांनी 1780 च्या सुमारास झिंक ऑक्साइड आणि कोबाल्ट एकत्र तापवून हिरवा रंग मिळवला. ज्यांनी महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके केली आहेत त्यांना आठवेल, की जस्त ओळखण्यासाठी कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकून तापवले असता हिरवा रंग येतो. येथे कोबाल्टचा अणू जस्ताच्या स्फटिकात, जस्ताच्याच जागी जाऊन बसतो. त्याला कोणी वेगळे काढू शकत नाही, आणि हिरवेपणा संपूर्ण स्फटिकाचा होतो.

म्हणजे एक शेजारी ठेवलेला आणि दुसरा घरात सामावलेला. माहितीपत्रकातील युरोपियम या दोहोंपैकी कोणता, हाच या संपूर्ण प्रकरणाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याकडे वळण्यापूर्वी भुकटीचे आणि पाहुण्याचे स्वभाव थोडे पाहिले पाहिजेत.

झिंक ऑक्साइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन एका खालच्या पायरीवर असतात; वरच्या पायरीवर जाण्यासाठी त्यांना 3.37 इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कोणत्याही रंगाजवळ एवढी ऊर्जा नसते, म्हणून तो प्रकाश शोषला न जाता परततो आणि भुकटी पांढरी दिसते. सुमारे 368 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींच्या अतिनील प्रकाशाजवळ मात्र ती ऊर्जा असते. तो शोषला जातो. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांत झिंक ऑक्साइड असते त्याचे कारण हेच. हीच भुकटी तापवली की पिवळी होते आणि थंड झाली की पुन्हा पांढरी. स्फटिकातील किंचित घडामोडही तिच्या रंगात उमटते, एवढी ती हळवी आहे.

'नॅनो' या शब्दाचा अर्थ आकड्यांत सांगितलेला बरा. नेहमीच्या रबराच्या प्रतीत एका ग्रॅममधील सर्व कणांचे पृष्ठभाग पसरले तर साधारण तीन ते दहा चौरस मीटर भरतात, आणि चोखंदळ रबर कारखानदार हा आकडा आजही विचारतात. कण 20 नॅनोमीटर व्यासाचे केले, तर त्याच एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सुमारे 54 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेसहाशे चौरस फूट होते. चिमूटभर भुकटीत एका सदनिकेएवढी जागा! पदार्थ तोच, वजन तेच. परंतु बाहेरच्या जगाशी संबंध येणारा भाग अनेक पटींनी वाढला. अशा एका कणात जस्ताचे सुमारे पावणेदोन लाख अणू असतात. शंभरात एक या प्रमाणात युरोपियम घातले, तर एका कणाच्या वाट्याला सतराशेच्या आसपास परके अणू येतील.

हे परके कोण? दुर्मीळ मृदा या नावाखाली सतरा मूलद्रव्ये येतात. नाव फसवे आहे. त्यांतील सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके विपुल आहे. ही मूलद्रव्ये एकमेकांना इतकी चिकटून राहतात की त्यांना वेगळे करणे कष्टाचे, आणि दुर्मीळपणा खरा तेथे आहे. लँथनम हे नाव 'दडून राहणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. स्वीडनमधील इटरबी या एका लहानशा गावाच्या नावावरून तर इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम अशी चार मूलद्रव्ये ओळखली जातात; इतका मान मोठमोठ्या राजधान्यांनाही मिळालेला नाही.

या कुटुंबाचे वैशिष्ट्य असे, की त्यांतील बहुतेकांचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कप्प्यात असतात आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या भिंतीआड सुरक्षित राहतात. त्यामुळे अणू कोणत्याही पदार्थात गेला तरी त्याच्या प्रकाशाचा रंग फारसा बदलत नाही. युरोपियमचा तांबडा 612 ते 616 नॅनोमीटरच्या आसपास, टर्बियमचा हिरवा 545 च्या आसपास. 1960 च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लाल रंग प्रथमच खुलून दिसू लागला तो युरोपियममुळे. बँकेत रोखपालाच्या मेजावर नोटा तपासण्याचा अतिनील दिवा असे. त्याखाली आपल्या नोटेवरील क्रमांक उजळतात हे अनेक व्यापाऱ्यांनी स्वतः पाहिले असेल. युरोच्या नोटेतही तांबडी चमक दिसते. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2002 मध्ये त्या चमकेचा वर्णपट घेऊन ती युरोपियमची असल्याचा निष्कर्ष मांडला. नोटा काढणाऱ्यांनी अर्थातच आपल्या शाईची पाककृती सांगितलेली नाही. युरोपच्या नोटेत युरोपियम असावे, हा योग गमतीचा खरा.

तर मग झिंक ऑक्साइड अतिनील प्रकाश उत्तम शोषते आणि युरोपियम उत्तम तांबडा प्रकाश देते. एकाने मिळवावे आणि दुसऱ्याने खर्चावे, अशी ही भागीदारी कागदावर अतिशय आकर्षक दिसते. त्यात भर म्हणजे झिंक ऑक्साइडला स्वतःच्या स्फटिकातील दोषांमुळे एक पसरट हिरवी चमकही असते; हिरवा, तांबडा आणि थोडा निळा एकत्र आणून पांढरा प्रकाश मिळवावा, ही आशा अनेक प्रयोगशाळांनी बाळगली. परंतु भागीदारीच्या करारातच दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण आकाराची. सारख्या परिस्थितीत मोजले असता जस्ताच्या आयनाची त्रिज्या 0.74 अँगस्ट्रॉम, तर युरोपियमची सुमारे 0.95 आणि लँथनमची 1.03 भरते. त्यातही झिंक ऑक्साइडमध्ये जस्ताभोवती चारच प्राणवायू असतात, त्यामुळे ती जागा आणखी आखूड. कोबाल्ट त्या खुर्चीत सहज बसला, कारण त्याचा देह जस्ताएवढाच. युरोपियमला तेथे बसवायचे म्हणजे शेजाऱ्यांना रेटणे आले.

दुसरी अडचण जमाखर्चाची. जस्ताच्या आयनावर धन भार दोन, युरोपियमच्या आयनावर तीन. स्फटिकाला ताळेबंद जुळवावाच लागतो; धन आणि ऋण यांची बेरीज शून्य झाली पाहिजे. दोन युरोपियम आले की भार सहा झाला, आणि सहा भार म्हणजे जस्ताच्या तीन जागा. म्हणून दोन पाहुण्यांसाठी जस्ताच्या तीन खुर्च्या रिकाम्या कराव्या लागतात. दोनांवर पाहुणे बसतात, तिसरी रिकामीच राहते. ताळेबंद जुळवण्याचे इतरही मार्ग आहेत, जसे की जादा प्राणवायू किंवा मोकळा इलेक्ट्रॉन. पण किंमत न देता जुळणी होत नाही, आणि ही रिकामी जागा पुढे स्फटिकाच्या रंगात व विद्युतवहनात आपला हिशेब मागते.

या दोन कारणांनी युरोपियमचे अणू मोठ्या संख्येने आत जाण्यास नाखूष असतात. काही आत जातात, काही कणाच्या पृष्ठभागावर थांबतात. आणि भुकटी अधिक तापवली की आत गेलेलेही बाहेर सरकून युरोपियम ऑक्साइडचे स्वतंत्र कण थाटतात. तिन्ही प्रकारांत बाटलीवरचे लेबल एकच असते : 'एक टक्का युरोपियमयुक्त'. रासायनिक पृथक्करण केले तर एक टक्का युरोपियम खरोखर सापडेल. प्रयोगशाळेचा दाखला खरा, पण प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तारण मालाच्या तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याला हा प्रकार नवा वाटणार नाही. पत्रकाप्रमाणे माल आहे, पोतीही मोजून बरोबर आहेत. माल कर्जदाराच्या ताब्यात आहे की शेजारच्या गाळ्यातून दिवसापुरता आणलेला, हे पोती मोजून कळत नाही.

मग कळते कशाने? शोधनिबंधांत आणि त्यावरून बेतलेल्या माहितीपत्रकांत सर्वाधिक आढळणारा पुरावा क्ष-किरणांच्या आलेखाचा. 'आलेखात युरोपियम ऑक्साइडची शिखरे दिसली नाहीत, म्हणून युरोपियम आत गेले' असे वाक्य त्याखाली असते. हा पुरावा मला अपुरा वाटतो. एक-दोन टक्के इतक्या अल्प प्रमाणात, तेही अतिसूक्ष्म आणि विस्कळीत कणांच्या रूपात असलेला पदार्थ या आलेखात सहसा उमटतच नाही. मोठा अणू आत गेला असेल तर स्फटिक किंचित फुगून जस्ताची स्वतःची शिखरे लहान कोनाकडे सरकली पाहिजेत. ती किती सरकली, आणि युरोपियम वाढवत नेले तशी क्रमाने सरकत गेली का, हे विचारले पाहिजे. याहून थेट साक्ष प्रकाशाची. भुकटीवर 370 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला, जो झिंक ऑक्साइड शोषते, आणि तरी तांबडी चमक निघाली, तर एकाने मिळवलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येते. पण तांबडा रंग केवळ 394 किंवा 465 नॅनोमीटरच्या प्रकाशात, म्हणजे युरोपियमने स्वतःच शोषलेल्या प्रकाशात, खुलत असेल तर भागीदार स्वतंत्रपणे धंदा करीत आहेत. प्रत्यक्षात दुसरा प्रकार वारंवार आढळतो. झिंक ऑक्साइडकडून युरोपियमकडे ऊर्जा जाणे बिकटच ठरले आहे. अणूभोवती कोणते शेजारी किती अंतरावर आहेत हे सांगणारे क्ष-किरण शोषणाचे तंत्रही आहे, आणि त्यासाठी परदेशी जावे लागत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-2' या यंत्रावर ते काम होते.

आता सांडपाण्याचा दावा. आमच्या वाचकवर्गातील अनेक घरांचा कापडाशी संबंध आहे, आणि इचलकरंजीसारख्या गावात रंगाई-धुलाईच्या पाण्याचा प्रश्न किती तीव्र आहे हे पंचगंगेकाठच्या लोकांना सांगावयास नको. म्हणून या दाव्याकडे अधिक बारकाईने पाहू.

तत्त्व खरे आहे. अतिनील प्रकाशाने झिंक ऑक्साइडमधील इलेक्ट्रॉन वर उचलला गेला की खाली त्याची रिकामी जागा राहते. हे दोघे पृष्ठभागावर पोहोचले तर पाणी आणि प्राणवायू यांच्यापासून अत्यंत आक्रमक रेणू तयार करतात आणि ते रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. अडचण अशी, की बहुतेक इलेक्ट्रॉन त्याआधीच परत आपल्या जागी पडतात आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. सेरियम किंवा लँथनम पृष्ठभागाजवळ असेल तर ते इलेक्ट्रॉनला क्षणभर अडवून धरते. तेवढ्या अवधीत काम उरकते. शिवाय पृष्ठभागावरील हे परके अणू कणाला वाढू देत नाहीत. कण लहान राहतात आणि क्षेत्रफळ टिकते. येथे पाहुणा दारात थांबला तरी उपयोगीच आहे, हे ध्यानात घ्यावे. प्रमाण वाढवले तर मात्र तोच अडसर होतो : पृष्ठभाग झाकला जातो, प्रकाश आत पोहोचत नाही आणि कार्यक्षमता पुन्हा खाली येते. म्हणून 'अधिक घातले तर अधिक चांगले' हा हिशेब येथे लागू नाही.

परंतु माहितीपत्रकांतील आकडे बहुधा काचेच्या चंचुपात्रातील मेथिलीन ब्लूच्या फिकट द्रावणावरचे असतात. शुद्ध पाणी, एकच रंग आणि जवळ ठेवलेला अतिनील दिवा. रंगाईच्या टाकीतून येणारे पाणी तसे नसते. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग चढवताना भरपूर मीठ आणि धुण्याचा सोडा वापरतात. त्यांतील क्लोराइड आणि कार्बोनेट तेच आक्रमक रेणू रंगाआधी गिळून टाकतात. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो, आणि गडद पाण्यात तो वरच्या थरातच संपतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते आणि तीव्र अल्कातही विरघळते. प्रकाशात काम करताना ते स्वतःही थोडे झिजते. म्हणजे रंग काढता काढता पाण्यात जस्त उतरते. आपल्या देशातील सर्वसाधारण मानकानुसार नदी-नाल्यात सोडावयाच्या पाण्यात जस्त लिटरमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि सूक्ष्म शेवाळाला तर एक मिलिग्रॅमहून कमी जस्तही बाधते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसणे हाही पुरावा नाही. रंग देणारा बंध तुटला की रंग जातो, उरलेले तुकडे पाण्यातच असतात आणि ते सीओडीच्या आकड्यात दिसतात. वापरलेली नॅनो भुकटी पाण्यातून परत गोळा कशी करायची, हा प्रश्न वेगळाच. ती न गोळा केली तर ग्रॅमच्या भावाने घेतलेला माल नाल्यात गेला.

हे सर्व वाचून संशोधकांचे श्रम व्यर्थ आहेत असा अर्थ कोणी काढू नये. भुकटी काचेवर किंवा चिनी मातीच्या गोळ्यांवर पक्की बसवून गळती कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि इतर शुद्धीकरणानंतर उरलेला थोडा रंग काढण्यापुरता या मार्गाला वाव दिसतो. मात्र टाकीत पोते रिकामे करून पाणी स्वच्छ होईल, या भरवशावर कोणी अनामत रक्कम भरू नये.

माहितीपत्रकातील विद्युत उपकरणांचा उल्लेख मला प्रथम अतिशयोक्त वाटेल असा होता, पण तेथेच दुर्मीळ मृदा आणि झिंक ऑक्साइड यांची सर्वांत भक्कम जोडी आढळते, आणि तीही नॅनो या शब्दाच्या गाजावाजापूर्वीची. विजेचा दाब एकाएकी वाढला तर उपकरणे वाचवणारी एक चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. दूरचित्रवाणी संचाच्या मंडलात, संगणकाच्या फलकावर आणि मोठ्या रूपात विजेच्या खांबांवरील तडितरोधकांत ती असते. ही चकती भाजलेल्या झिंक ऑक्साइडची असते. 1960 च्या दशकाअखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी बिस्मथ आणि इतर ऑक्साइडे घालून ती विकसित केली. 1970 च्या दशकात फुजी इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी बिस्मथऐवजी प्रेसिओडिमियम ही दुर्मीळ मृदा कोबाल्टसह वापरून दुसरा प्रकार तयार केला. येथील मौज पाहा. प्रेसिओडिमियमचा देह मोठा, म्हणून तो झिंक ऑक्साइडच्या दाण्यात शिरत नाही. तो दोन दाण्यांमधील सीमेवर गोळा होतो. आणि नेमके तेच हवे असते. दाणे विजेचे चांगले वाहक, सीमा मात्र नेहमीच्या दाबाला बंद असलेल्या फाटकासारखी. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सर्व फाटके एकदम उघडतात, जादा वीज जमिनीकडे निघून जाते आणि दाब उतरताच फाटके पुन्हा बंद होतात. प्रकाशाच्या कामात जो अणू आत यावा म्हणून आटापिटा करावा लागतो, त्याच्याच कुळातील भाऊ येथे बाहेर राहिल्यामुळेच पगाराला पात्र ठरला.

पत्रलेखकांना मी जे कळवले त्यात पुरवठ्याचा आणि टक्केवारीचा मुद्दा होता. तो इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल. एक टक्का म्हणजे अणूंचा की वजनाचा? शंभर अणूंत एक युरोपियम असेल, तर युरोपियम जड असल्यामुळे वजनाने त्याचे ऑक्साइड सुमारे 2.1 टक्के भरते. किलोमागे 21 ग्रॅम. लेबलवर 'वजनाने एक टक्का' असेल तर परका अणू निम्म्याहून कमी आहे. भाव ठरवताना हा फरक दुपटीचा आहे. दुसरे असे, की सर्व दुर्मीळ मृदा एका भावाच्या नाहीत. सेरियमचे ऑक्साइड काच घासून चकचकीत करण्यासाठी आपल्या बाजारात पूर्वीपासून येते आणि तुलनेने स्वस्त आहे. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स या नावाने स्थापन झालेली सरकारी कंपनी केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूवर काम करते. त्या वाळूतील मोनाझाइटमध्ये सेरियम, लँथनम, निओडिमियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये विपुल आहेत, युरोपियम व त्यापुढील जड मूलद्रव्ये अल्प. जड मूलद्रव्यांच्या शुद्धीकरणावर चीनची पकड आहे आणि एप्रिल 2025 मध्ये त्या देशाने सात दुर्मीळ मृदांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले तेव्हा ती पकड किती घट्ट आहे हे मोटार उद्योगालाही जाणवले. सात जणांच्या त्या यादीत युरोपियम नव्हते. तरी दीर्घ मुदतीचा पुरवठा करार करणाऱ्याने ही बाजू लेखी स्पष्ट करून घ्यावी.

म्हणून त्यांना सुचवले की, एजन्सीचा करार आणि अनामत तूर्त थांबवून शंभर ग्रॅमचा नमुना रोखीने विकत घ्यावा. युरोपियमचा आणि सेरियमचा माल एकाच पिशवीत न घेता वेगवेगळा मागवावा, कारण एकाने आत जाणे इष्ट आहे आणि दुसऱ्याने पृष्ठभागावर राहिले तरी चालते. दोघांसाठी एकच दाखला पुरणार नाही. युरोपियमच्या नमुन्यासाठी कोणत्या लहरीच्या प्रकाशात तांबडी चमक येते याचा आलेख मागावा. सेरियमच्या नमुन्याची चाचणी गिऱ्हाइकाच्या टाकीतील पाण्यावर, उघड्या उन्हात घ्यावी. आणि निकालात रंग किती उतरला याबरोबर सीओडी किती उतरला आणि पाण्यात जस्त किती चढले, हे दोन्ही आकडे त्याच कागदावर लिहून घ्यावेत.